हिरवा गॅस आणि गरम स्वयंपाकघर

भाच्याचं पिस्तूल मी मोडलं. खेळण्यातलं होतं, सहा मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे छर्रे उडवणारं, पण त्याच्या स्वतःच्या कमाईचं. आपाला हे अजून माहीत नाही. ती माझे लेख वाचत नाही, एवढाच काय तो आधार.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तिच्याकडे लेस्टरला गेलो होतो. लग्न होऊन ती तिकडे गेली त्याला बावीस वर्षं झाली. मुलगा एकोणीसचा आहे, कॉलेजात जातो आणि शनिवारी एका गोदामात खोकी उचलतो. पहिल्याच रात्री जेवणं झाल्यावर त्यानं पलंगाखालून काळी बॅग काढली, चेन उघडली आणि म्हणाला, "मामू, बघ." आत काळंभोर पिस्तूल. माझा हात आपोआप दाराची कडी लावायला गेला.

आपल्या घरातला मुलगा, हातात अशी वस्तू आणि वर फोटो काढायची हौस. पुढचं सगळं मला त्या एका क्षणात दिसलं. आपाचीही तीच धास्ती. २०१४ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला तामीर राइस नावाचा बारा वर्षांचा मुलगा बागेत असंच एअरसॉफ्ट पिस्तूल घेऊन खेळत होता. पिस्तुलाच्या तोंडावरचं नारिंगी टोक निघालेलं होतं. पोलिसांची गाडी येऊन थांबली आणि काही सेकंदांत त्याला गोळी लागली. आपाला ही बातमी तोंडपाठ आहे आणि ती मुलाला अधूनमधून ऐकवते.

मुलानं मात्र माझी चांगली उजळणी घेतली. ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्यानं हुबेहूब दिसणाऱ्या नकली बंदुका विकण्यावर बंदी आली, पण नियमित खेळणाऱ्यांना त्यातून सूट आहे. अठरा वर्षांखाली विकत मिळत नाही. रस्त्यात विनाकारण बाहेर काढली तर गुन्हा, म्हणून ही बॅग, आणि बॅग उघडायची ती मैदानाच्या आत गेल्यावरच. २०१७ च्या कायद्यानं छर्र्याच्या जोरालाही मर्यादा घातली. एकेक बार टाकणाऱ्याला २.५ जूल, सलग उडवणाऱ्याला १.३ जूल. त्यापुढे गेलं की ते खेळणं उरत नाही. हे सगळं त्यानं आपाकडून आलेल्या रत्नागिरीच्या मराठीत सांगितलं, मध्ये मध्ये इंग्रजी घालून. मी कडी काढली.

मी भाषेचा मास्तर आहे. विज्ञान दहावीला सोडलं. बीएडला असताना शिकवलं होतं की नवा पाठ सुरू करण्याआधी विद्यार्थ्याचं पूर्वज्ञान तपासावं. पोरानं बीएड न करता तेच केलं. "कुकरची शिट्टी का होते, मामू?"

दाबामुळे. उर्दूच्या तासाला मी दबाव म्हणतो, मराठीच्या तासाला दाब, शब्द तोच. शिट्टी होते तेव्हा कुकरच्या आत साधारण २ बार दाब असतो, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दुप्पट. पिस्तुलाच्या मुठीत सरकवायची जी डबी असते, मॅगझिन, तिच्यात वर छर्रे आणि खाली द्रवरूपातला गॅस. चाप ओढला की झडप क्षणभर उघडते, थोडा गॅस छर्रा ढकलतो आणि उरलेला वरचा भाग, स्लाइड, मागे फेकतो. स्प्रिंग तो परत पुढे आणते. खऱ्या पिस्तुलासारखा झटका त्यातूनच येतो आणि पोरांचा जीव त्या झटक्यात.

त्याचं पिस्तूल जपानी बनावटीचं. जपानात २००६ पासून अशा छर्र्यांवर जेमतेम १ जूलची मर्यादा आहे, म्हणून तिथली पिस्तुलं १३४-ए नावाच्या सौम्य गॅसवर चालतील अशी बांधतात आणि स्लाइड प्लॅस्टिकची ठेवतात. हा १३४-ए म्हणजे आपल्याकडे गाडीचा एसी भरणारे वापरतात तोच. वीस अंशाला त्याचा दाब ५.७ बार. दुसरा गॅस, ज्याला सगळे 'ग्रीन गॅस' म्हणतात, तो प्रोपेन असतो, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या दोन मुख्य वायूंपैकी एक, त्यात थोडं सिलिकॉन तेल मिसळलेलं. वीस अंशाला ८.४ बार. हिरवा रंग त्याला नाहीच. पण तापमानवाढीच्या हिशेबात १३४-ए हा कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून वाईट, आणि प्रोपेन त्याच्यापुढे जवळजवळ निरुपद्रवी. म्हणजे नाव चुकून बरोबर बसलंय. तिसरा प्रकार १२ ग्रॅमच्या लोखंडी कुपीतला कार्बन डायऑक्साइड. वीस अंशाला ५७ बार! त्याची मॅगझिनच वेगळी लागते, साध्या मॅगझिनमध्ये तो भरताच येत नाही. आणि ती वेगळी मॅगझिन मिळाली म्हणून प्लॅस्टिकच्या पिस्तुलात खुपसली तर स्लाइड किती दिवस टिकेल, ते नशिबावर.

"मग तू सौम्य गॅस सोडून प्रोपेन का भरतोस?" मी शिक्षकी आवाजात विचारलं. उत्तर त्यानं रविवारी दाखवलं.

लेस्टरबाहेरचं जंगल, सकाळी पाच अंश, पायाखाली ओला पाचोळा. त्यानं आधी १३४-ए भरला. पाच अंशाला त्याचा दाब ३.५ बारवर उतरतो. पहिले चार-पाच बार ठीक गेले, मग स्लाइड अर्ध्यावरच अडू लागली. त्यानं मॅगझिन माझ्या तळहातावर ठेवली तर बर्फ. माठातलं पाणी झिरपून उडतं आणि माठ गार होतो ना, तसंच हे. द्रवाचा वायू होताना तो डबीतलीच उष्णता ओढतो, डबी थंड पडते, दाब आणखी उतरतो. भराभर चाप ओढणाऱ्याचं पिस्तूल आधी मरतं.

मग त्यानं झडप दाबून जुना गॅस पूर्ण सोडून दिला. दोन्ही एकात मिसळले तर दाबाचा हिशेब बिघडतो. मॅगझिन उलटी धरली, ग्रीन गॅसचा डबा उलटा करून तिच्या तळाला लावला आणि मोजून काही सेकंद दाबला, काठोकाठ नाही. आणि पिस्तूल एकदम जिवंत झालं. पाच अंशाला प्रोपेनचा दाब ५.५ बार. म्हणजे उबदार खोलीत सौम्य गॅस जेवढा दाब देतो, जवळपास तेवढाच. जपानी कारखान्यानं जो दाब गृहीत धरला होता, तो या जंगलात ग्रीन गॅसच देत होता. काही मुलं कॅम्पिंगच्या चुलीचा प्रोपेन नळी लावून भरतात, स्वस्त पडतो. पण तो कोरडा, त्यात तेल नाही. वरून सिलिकॉन तेलाचे थेंब टाकले नाहीत तर रबरी रिंगा सुकून गळायला लागतात, कुकरच्या रिंगेसारख्या.

खेळ सुरू होण्याआधी मैदानावर प्रत्येकाच्या बंदुकीचा वेग यंत्रावर मोजतात. ०.२ ग्रॅमचा छर्रा, सेकंदाला ३५० फुटांची मर्यादा, म्हणजे साधारण १.१ जूल. तिथला माणूस म्हणाला की गॅसच्या पिस्तुलाचा सकाळचा आकडा दुपारी ऊन पडल्यावर पुन्हा बघावा लागतो. बंदूक तीच, गॅस तोच, फक्त ऊन वाढलेलं. मला हे फार आवडलं. घरी येऊन मी आपासमोर त्यावर छोटं व्याख्यानही दिलं.

आणि सोमवारी माती खाल्ली.

पोरगा कॉलेजात, आपा बाजारात. आदल्या रात्री मीच बॅग आवरायला मदत केली होती आणि ओलसर झालेली मॅगझिन सुकावी म्हणून स्वयंपाकघरातल्या रेडिएटरवरच्या फळीवर ठेवली होती. आत गॅस शिल्लक आहे हे डोक्यातच आलं नाही. शेजारी माझे मोजे वाळत होते. सकाळी चहा झाल्यावर वाटलं, एकदा आपणही तो झटका हातात घेऊन बघावा. छर्रे काढले, भिंतीकडे तोंड केलं, चष्मा होताच डोळ्यावर. मॅगझिन हाताला छान उबदार लागली. रविवारच्या बर्फानंतर ती ऊब मला चांगलीच वाटली, काय सांगू!

पहिला बार सणसणीत. दुसरा त्याहून. तिसऱ्याला कट् असा वेगळाच आवाज आला आणि स्लाइडचा पुढचा तुकडा उडून पिठाच्या डब्यावर आपटला.

नंतर आकडे जुळवले. फळीवर पस्तीस अंश तरी असतील. पस्तिशीला प्रोपेन १२ बार. ज्या प्लॅस्टिकला पावणेसहाची सवय, त्याच्यावर मी दुपटीहून जास्त लादला होता. मुलाला किती मारू नये, किती रागवू नये यावर शाळेत दोन प्रशिक्षणं दिलेला माणूस मी. हातात तुटकं पिस्तूल घेऊन स्वयंपाकघरात उभा होतो आणि जिन्यावर आपाच्या पिशव्यांचा आवाज.

तुकडा मोज्यात लपवला. संध्याकाळी त्याच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. तो काही बोलला नाही. तुकडा उजेडात धरून चिरेकडे बघत राहिला. बऱ्याच वेळानं विचारलं, "मॅगझिन कुठं ठेवली होतीस?" मी सांगितलं. "हं," म्हणाला. मी पैसे पुढे केले, त्यानं घेतले नाहीत. दोन शनिवारांची मजुरी होती ती. मला त्या 'हं'चंच जास्त लागलं.

जुळणारी ॲल्युमिनियमची स्लाइडही मिळते. तीच घे, पुन्हा तुटायला नको, असं मी म्हटलं. त्यानं मान हलवली. धातूची जड असते, तिला मागे ढकलायला गॅस जास्त खर्च होतो, थंडीत ती आणखी अडखळते, आणि मग स्प्रिंग बदला, झडप बदला. त्यानं प्लॅस्टिकचीच मागवली. या वेळी पैसे मी त्याच्या पाकिटात न विचारता ठेवले. बॅगेच्या आतल्या बाजूला त्यानं पांढरी पट्टी चिकटवली आणि माझ्याकडून मराठीत लिहून घेतलं : घरी आल्यावर मॅगझिन रिकामी करणे.

जूनमध्ये आमची शाळा उघडली त्या आठवड्यात त्याचा फोन आला. मी वर्गाबाहेर येऊन घेतला.

"मामू, इकडं आज अठ्ठावीस आहे. रविवारी काय भरू?"

"१३४-ए."

"आणि ग्रीन?"

"नोव्हेंबरपर्यंत कपाटात. रेडिएटरपासून लांब."

तो हसला. मागून आपाचा आवाज आला, कुणाशी बोलतोयस, काय लांब? त्यानं घाईनं फोन ठेवला.