राहुरीची ज्वारी

मुळा धरणाच्या पाण्यावर ऊस फोफावलेल्या राहुरीत आम्ही वर्षातून एकदा जातो ते ज्वारीसाठी. ‘फुले वसुधा’, ‘फुले रेवती’ हे रब्बी ज्वारीचे वाण येथल्याच महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे. दुकानाच्या गादीवर आयुष्य काढलेल्या वडिलांना मधुमेह जडला, तेव्हा घर चकित झाले. आपण तर पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी! पण फरसाण, मैदा आणि साखर हीसुद्धा शाकाहारीच की. आता सूर्यास्तापूर्वीच्या ताटात पोळीऐवजी एक भाकरी, मुगाची डाळ, दुधीची भाजी असते, मिठाई सणापुरती. रक्तातील साखर हळूहळू उतरली. गोळी मात्र डॉक्टरांनी कमी केली, आम्ही नव्हे. यंदा ज्वारीचे पोते गाडीत चढवताना वडिलांनी हमालाला थांबवून स्वतःच एका बाजूने हात लावला.