दुपारी दोनची गोळी

पुण्याजवळच्या पाषाण येथील ‘आयुध संशोधन व विकास संस्थे’त नातीला सहा महिन्यांची इंटर्नशिप मिळाल्याचे पत्र आले, तेव्हा आनंद ओसरायच्या आतच घरात एक प्रश्न उभा राहिला : आता दुपारी दोनची गोळी कोण देणार?

ज्यांच्या घरी पार्किन्सन्सचा रुग्ण आहे, त्यांना या प्रश्नाचे वजन समजावून सांगावे लागणार नाही. माझ्या पत्नीला हा विकार जडून नऊ वर्षे झाली. मेंदूत डोपामिन पुरेसे तयार होत नाही, त्याची उणीव लेव्होडोपाच्या गोळीने भरून काढायची. परंतु त्या गोळीचा अंमल काही तासच टिकतो. पुढची गोळी लांबली की हातपाय परके होतात. आहारातील प्रथिने या औषधाच्या शोषणात आड येतात, म्हणून आमच्या डॉक्टरांनी गोळी आणि जेवण यांत अंतर ठेवायला सांगितले आहे. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, सायंकाळी सहा, अशा चार वेळांवर आमचे घर चालते. मुलगा सळईच्या कारखान्यात पाळीवर, सूनबाई तालुक्यातील शाळेत शिक्षिका. मी ७८ वर्षांचा, काचबिंदूमुळे औषधांच्या पाकिटावरील अक्षरे मला लागत नाहीत. दुपारी महाविद्यालयातून परतणारी नात हाच आम्हा दोघांचा आधार होता.

आम्ही जालन्यात मस्तगड भागात राहतो. ही गढी १७२५ मध्ये बांधली गेली. म्हणजे संरक्षणाची संस्था आमच्या दाराशी तीनशे वर्षांपासून आहेच, असे मी विनोदाने म्हणतो. पुढे तिथे नगरपालिकेची कार्यालये आली आणि जिथे पहारे बसत, तिथे लोक घरपट्टी भरू लागले. नात जिथे निघाली होती ती संस्था मात्र १९५८ सालची. पिनाक हे अग्निबाण डागणारे अस्त्र तिथलेच. अशा प्रयोगशाळांत विद्यार्थ्यांना केवळ गोपनीय नसलेल्या कामावरच घेतात आणि पुढे नोकरी देण्याची हमी नसते, हे तिने आम्हाला आधीच सांगून ठेवले.

तरीही तिचा पाय निघेना. ‘‘आजोबा, मी इथल्याच एखाद्या कारखान्यात इंटर्नशिप करते, काय बिघडलं?’’ असे ती दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा आजीने ऐकले. या विकारात आवाज खोल जातो, ओठांजवळ कान न्यावा लागतो. नातीने कान नेला. ‘‘माझ्या गोळीसाठी राहिलीस, तर मला ती गोळी गिळवणार नाही,’’ एवढेच ती बोलली. विषय तिथे संपला.

जाण्यापूर्वीचे आठ दिवस नातीने घराची जणू मोजणी केली. चार कप्प्यांची, सात दिवसांची गोळ्यांची डबी आणली. रविवारी सूनबाईंनी ती भरायची. प्रत्येक वेळेचा कप्पा वेगळ्या रंगाचा, म्हणजे मला अक्षरे वाचावी लागू नयेत. माझ्या भ्रमणध्वनीत चार गजर लावले. न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतली, पायपुसण्या उचलल्या. मग स्वयंपाकघरापासून न्हाणीघरापर्यंत फरशीवर पिवळ्या चिकटपट्ट्या आडव्या लावल्या, आजीच्या एकेका पावलाच्या अंतरावर. पार्किन्सन्समध्ये चालताना, विशेषतः उंबरठ्यापाशी, पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. समोर ओलांडायला रेघ दिसली तर पुष्कळदा पाऊल उचलले जाते. फिजिओथेरपिस्टने सांगितलेली ही युक्ती मला आधी पोरखेळ वाटली होती. हिने पहिल्याच दिवशी रेघेवरून रेघेवर पाय टाकत न्हाणीघर गाठले. लहानपणी खेळलेल्या ठिकरीची आठवण मलाच झाली, तिला झाली की नाही कोण जाणे.

खरी अडचण होती ती भ्रमणध्वनीची. संस्थेच्या आत तो नेता येत नाही, सकाळी प्रवेशद्वाराशी जमा करायचा, सायंकाळी परत घ्यायचा. म्हणजे दिवसभर ‘‘गोळी घेतली का?’’ हा प्रश्न येणार नाही, आणि आम्हीही काही विचारू शकणार नाही. तातडीसाठी तिने तिच्या विभागाचा क्रमांक एका पुठ्ठ्यावर मोठ्या आकड्यांत लिहिला. त्याखाली रुग्णवाहिकेचा १०८ आणि ज्येष्ठांसाठीच्या मदतवाहिनीचा १४५६७. पुठ्ठा भिंतीवर हात पोचेल अशा उंचीवर टांगला. जानेवारीत पहाटेच्या एसटीने ती गेली.

तिसऱ्या आठवड्यात, दुपारी साडेबारा वाजता, ही स्वयंपाकघराच्या उंबरठ्यापाशी खिळली आणि खाली बसती झाली. घरात आम्ही दोघेच. अशा वेळी हात धरून ओढायचे नाही, हे आम्हाला शिकवलेले होते. आधी कंबर, मांडी, डोके कुठे दुखते का ते विचारायचे. दुखत असेल तर हलवायचेच नाही. मी शेजारच्या काकूंना हाक मारली. आम्ही भक्कम खुर्ची जवळ आणली. ही आधी गुडघ्यांवर आली, मग खुर्चीला धरून उठली. मनगट सुजले होते. संध्याकाळी क्ष-किरण काढला, हाड शाबूत होते.

नातीला सांगायचे की नाही, यावर त्या दिवशी घरात मतभेद झाले. मुलगा म्हणाला, ‘‘कशाला? ती सगळं सोडून येईल.’’ दूर असलेल्या मुलांपासून दुखणे लपवणे ही आपल्याकडची जुनी माया आहे. मला ती फारशी मान्य नाही. नात आम्हाला कामातले काही सांगू शकत नाही, तो तिथला नियम आहे आणि त्याला कारण आहे. घरातल्या पडझडीला असे कोणते कारण? शिवाय एकदा लपवले की पुढच्या प्रत्येक ‘‘सगळं ठीक आहे’’वरचा तिचा विश्वास उडाला असता, आणि दिवसभर फोन हाती नसलेल्या मुलीला त्या विश्वासाखेरीज दुसरे काय होते?

सात वाजता फोन आला. मी सांगितले. पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग तिने विचारले, ‘‘दहाची गोळी किती वाजता दिली होती?’’ ठीक दहाला. ‘‘आणि पाय कधीपासून जड वाटत होते?’’ बारापासून. ती आली नाही. तिने मला एक वही घालायला सांगितली : गोळी केव्हा घेतली, पाय केव्हा मोकळे झाले, केव्हा पुन्हा अडखळले. मी शाळेत छत्तीस वर्षे हजेरी मांडली होती, ठळक शाईच्या लेखणीने हेही मांडू लागलो. दोन आठवड्यांची वही पाहून डॉक्टर म्हणाले, गोळीचा अंमल पुढच्या वेळेआधीच उतरतो आहे. त्यांनी वेळा बदलून दिल्या, दोनची गोळी दीडवर आली. वेळा वा मात्रा आपल्या मनाने बदलू नयेत, आणि हे औषध एकाएकी बंद तर कधीच करू नये, हे त्यांनी मला पुन्हा बजावले. मीही इथे ते नोंदवून ठेवतो.

होळीला ती दोन दिवस आली. आजीने विचारले, तोफा करतेस का? ‘‘नाही गं, धातूच्या पट्टीवर किती ताण येतो ते मोजते,’’ एवढेच उत्तर मिळाले. मग तिने डॉ. कलामांची गोष्ट सांगितली : हैदराबादेत क्षेपणास्त्रासाठी घडवलेल्या हलक्या पदार्थातून पायांचे कॅलिपर बनवले आणि लहान मुलांच्या पायांवरचे तीन किलोंचे ओझे तीनशे ग्रॅमवर आले. हिने आपल्या वॉकरकडे पाहिले. ‘‘याचंही बघा की कुणीतरी,’’ ती म्हणाली.

आता रोज संध्याकाळी साडेसहाला आमच्या घरात एक लांबलचक ‘आऽऽ’ घुमतो. वाचा-उपचारतज्ज्ञांनी मोठ्या आवाजाचा हा सराव वर्षभरापूर्वीच दिला होता, पण ही टाळाटाळ करी. फोनवर कान ओठांजवळ नेता येत नाही, हे पुण्याने तिला पटवले. दहा वेळा आकार, मग वर्तमानपत्राचे मथळे मोठ्याने. परवा सात वाजता पलीकडून नात म्हणाली, ‘‘आजी, अगं ओरडतेस काय, ऐकू येतंय मला!’’