स्थळप्रत

माझ्या वडिलांच्या उजव्या हाताच्या बोटांना कायम निळसर-काळी झाक असायची. तासगावच्या मामलेदार कचेरीत ते कारकून होते आणि कचेरीतली बहुतेक पत्रं त्यांच्या टेबलावरून जायची. सुट्टीत दुपारी मी त्यांचा डबा घेऊन जायची आणि डबा खाऊन होईपर्यंत शेजारच्या स्टुलावर बसून राहायची. एक जाड कोरा कागद, त्याखाली कोरेसचा कार्बन, मग पातळ कागद, पुन्हा कार्बन, पुन्हा पातळ कागद. अण्णा ही पाची पानं टेबलावर उभी आपटून कडा जुळवायचे आणि एका झटक्यात रोलरमध्ये सरकवायचे. टाइप झालं की जाड कागद साहेबांच्या सहीला, मधली प्रत माहितीसाठी दुसऱ्या खात्याला. सगळ्यात खालची, सगळ्यात फिकी, तिच्या कोपऱ्यात ते लाल पेन्सिलीने लिहायचे : स्थळप्रत.

"अण्णा, ही कुणाला पाठवायची?" मी एकदा विचारलं.

"कुणालाच नाही. ही इथंच राहते. हिच्यावाचून पत्र गेलं असं कोण म्हणेल?"

मग टाचणी लावून ती फायलीत जायची. फाइल भरली की कपाटात, कपाट भरलं की आतल्या अंधाऱ्या दप्तरखान्यात. त्या खोलीला कागदाचा, वाळवीच्या औषधाचा आणि जुन्या सुतळीचा मिळून एक वास होता. तो मला पुढे आयुष्यात तीनदा भेटला.

पहिल्यांदा पुण्यात. मी १९७४ साली मानववंशशास्त्र शिकायला आले. इरावतीबाई कर्वे जाऊन चार वर्षं झाली होती, तरी मोठी माणसं बोलताना त्यांचं नाव वर्तमानकाळात घ्यायची. ग्रंथालयात नियतकालिकांच्या घोड्यावर 'करंट अँथ्रोपॉलॉजी'चे जुने अंक रचून ठेवलेले असत. पहिला अंक उघडला तो चुकून मधूनच उघडला, आणि मला वाटलं छापखान्याने काहीतरी गोंधळ केलाय. लेख संपला होता, पण खाली दुसऱ्याच कुणाचं लिखाण सुरू झालं होतं, त्याच लेखाच्या विरोधात. त्याच्याखाली तिसऱ्याचं. वेगवेगळ्या देशांतली माणसं, कुणी कौतुक करतंय, कुणी पुराव्याला हात घालतंय, आणि सगळ्यांच्या शेवटी मूळ लेखकाचं उत्तर. अशा लेखांना एका चांदणीची खूण असायची. छापील म्हणजे पक्कं, असं शाळेपासून मनात बसलेल्या मुलीला हे बघून धक्काच बसला. शास्त्र म्हणजे इतकी माणसं एका टेबलाभोवती भांडतायत, आणि ते भांडण झाकून न ठेवता छापतायत!

ही रीत घालून देणारा संपादक सोल टॅक्स. जन्म १९०७ साली शिकागोत, बालपण मिलवॉकीत. तिथे वर्तमानपत्रं विकणाऱ्या पोरांची स्वतःची एक संघटना होती, 'न्यूजबॉइज रिपब्लिक' नावाची. तिच्याशी त्याची पहिली ओळख झाली ती नियम मोडताना पकडला गेल्यामुळे. पुढे तो शिकागो विद्यापीठात प्राध्यापक झाला. आयोवातल्या मेस्क्वाकी लोकांमध्ये आणि ग्वाटेमालात त्याने काम केलं. ज्यांचा अभ्यास करायचा त्यांच्या अडचणीत हात घातल्याशिवाय अभ्यास पुरा होत नाही, असं तो मानत असे. वेन्नर-ग्रेन फाउंडेशनने जगभरच्या मानववंशशास्त्रज्ञांसाठी एक नियतकालिक काढायचं ठरवलं तेव्हा ते काम त्याच्याकडे आलं. त्याने आधी देशोदेशीच्या अभ्यासकांना विचारलं, तुम्हाला नेमकं काय हवंय? १९५९ साली नियतकालिकाची स्थापना झाली आणि १९६०च्या जानेवारीत पहिला नियमित अंक निघाला. वाचकांना तो नुसते वर्गणीदार मानत नसे. त्यांना 'असोसिएट' म्हणत, त्यांना पत्रं जात, त्यांची उत्तरं येत. १९७४पर्यंत, म्हणजे मी तो अंक हातात धरला त्या वर्षापर्यंत, संपादक तोच होता.

दुसऱ्यांदा तो वास भेटला तो नोकरीत. पुण्यातल्याच एका लहानशा संशोधन-नियतकालिकात मी संपादन साहाय्यक म्हणून लागले. वर्षाला चार अंक, एक खोली, दोन लोखंडी कपाटं, वर एक माळा. लेख आला की आवक-जावक रजिस्टरमध्ये नोंद करायची : क्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय, कोणाकडे वाचायला पाठवला, परत कधी आला, आणि शेवटी शेरा. मग पत्र टाइप करायचं. मीही पाच पानं टेबलावर उभी आपटायला शिकले. कोपऱ्यात लाल पेन्सिलीने तोच शब्द लिहायची.

अकरा वर्षं ते केल्यावर एक गोष्ट माझ्या पक्की ध्यानात आली. अंकात जे छापलं जातं ते फार थोडं असतं. लेख कुणी लिहिला हे अंक सांगतो. कुणी लिहिला होता आणि तो का आला नाही, हे फक्त फाइल सांगते. कुणाकडे वाचायला पाठवला, त्याने आठ महिने उत्तर दिलं नाही, मग दुसऱ्याकडे गेला, त्याने चार ओळींत निकाल लावला. एखाद्या विद्वानाचं नाव असलं की तोच लेख पंधरा दिवसांत कसा पुढे सरकला, हेसुद्धा. मानववंशशास्त्रात तर ही गोष्ट जास्तच बोचते, कारण या शास्त्राचा सगळा व्यवहार माणसांनी माणसांबद्दल बोलण्याचा. कुणाला बोलू दिलं आणि कुणाला 'साभार परत' पाठवलं, याचा हिशेब जावक रकान्यात असतो.

एक नोंद मला तोंडपाठ आहे. १९८३ सालची. लेखक तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या धडगावकडचे प्राथमिक शिक्षक, स्वतः पावरा समाजातले. विषय : पावरा लग्नातील देज, म्हणजे वधूमूल्य, आणि लग्नगीते. लेख हाताने लिहिलेला होता, आखीव फुलस्केपवर, एकेक गाणं आधी पावरीत आणि खाली मराठीत. वाचायला पाठवला. शेरा आला की साहित्य चांगलं आहे, पण संदर्भ नाहीत, भाषा शोधनिबंधाची नाही. मी पत्र टाइप केलं. गुरुजींनी चार महिन्यांनी लेख दुरुस्त करून पाठवला, सोबत पत्र. गाणी आपण आईकडून ऐकली आहेत, असं त्यात लिहिलं होतं. पुढे एक प्रश्न होता : संदर्भ म्हणून आईचं नाव लिहिलं तर चालेल का?

लेख पुन्हा परत गेला. तिसऱ्यांदा आला, पुन्हा वाचायला गेला, पुन्हा परत पाठवला. या खेपेला मात्र पाकीटच उलट टपाली आलं. त्या ओळीतला शेवटचा शेरा माझ्याच अक्षरात आहे : 'लेखक वारल्याचे कळते. टपाल परत. लेख फाइलला.'

पुढे १९९८च्या उन्हाळ्यात ते कार्यालय दुसऱ्या इमारतीत हलवायचं ठरलं. मी गावी होते, अण्णा आजारी होते. सोमवारी परत आले तर दोन्ही कपाटं पुसून लख्ख केलेली आणि माळा मोकळा. नवीन जागा लहान, जुने कागद कशाला न्यायचे, म्हणून टेम्पो बोलावून सगळं किलोवर दिलं होतं. कुणाचा वाईट हेतू नव्हता. कुणाला त्यात काही गेलं असं वाटलंच नाही, हेच मला जास्त लागलं. शिल्लक राहिलं ते माझ्या टेबलाच्या खणात असलेलं एक आवक-जावक रजिस्टर, १९८१ ते १९८६चं. बाकी सगळं गेलं. गुरुजींचा लेख गेला. आणि आईचं नाव चालेल का, या प्रश्नाला आम्ही काय उत्तर पाठवलं, ते मला आज सांगता येत नाही. ते पत्र मीच टाइप केलं होतं. हो म्हटलं होतं की नाही, हे आठवायचा मी गेली कित्येक वर्षं प्रयत्न करतेय. त्याची स्थळप्रत फायलीत होती.

खरं तर जुन्या कागदाची किंमत आपल्याला शिकवावी लागू नये. इतिहासाचार्य राजवाड्यांनी गावोगाव पायपीट करून, लोकांच्या माळ्यांवरून आणि पेटाऱ्यांतून कागद मिळवले. पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेल्या कागदांतून रियासतकार सरदेसायांनी पंचेचाळीस खंड काढले. दोनशे वर्षांपूर्वीच्या तुपाच्या आणि दाण्याच्या हिशेबावर आपल्याकडे लेख लिहिले जातात, आणि ते योग्यच आहे. तोच न्याय आपण चाळीस वर्षांपूर्वीच्या पत्राला लावत नाही. कारण ते लिहिणाऱ्याला आपण पाहिलेलं असतं, आणि पाहिलेल्या माणसाचा कागद इतिहास होतो असं मनाला पटत नाही.

मानववंशशास्त्राची गोष्ट आपल्याकडे काही परकी नाही. मुंबईत एडवर्ड टिरेल लीथ यांच्या पुढाकाराने १८८६ साली अँथ्रोपॉलॉजिकल सोसायटी निघाली, तिचं स्वतःचं नियतकालिक होतं, आणि जीवनजी जमशेदजी मोदींसारख्या पारशी पंडिताने तिच्यासाठी वर्षानुवर्षं खस्ता खाल्ल्या. १९२१ साली रांचीत 'मॅन इन इंडिया' काढलं ते शरच्चंद्र रॉय यांनी. ते विद्यापीठातले नव्हते, वकील होते, कोर्टात येणाऱ्या मुंडा आणि उरांव पक्षकारांमुळे या अभ्यासाकडे वळले होते. एका वकिलाला जमलं, मग धडगावच्या गुरुजींना का जमू नये? त्यांचं काम कुठे अडलं, हे समजून घ्यायला आता रजिस्टरातली एक ओळ सोडून काही उरलेलं नाही.

तिसऱ्यांदा तो वास भेटला शिकागोत. लेक तिथे राहते. २०१३ साली तिच्याकडे गेले तेव्हा विद्यापीठाच्या रेगन्स्टाइन ग्रंथालयात जायचं हे मी निघण्यापूर्वीच ठरवलं होतं. ही इमारत जुन्या स्टॅग फील्ड मैदानाच्या जागेवर आहे. त्याच मैदानाच्या प्रेक्षकसज्जाखाली डिसेंबर १९४२मध्ये जगातली पहिली नियंत्रित आण्विक शृंखला-अभिक्रिया घडवली गेली. बाहेर लोक त्याची आठवण म्हणून उभारलेल्या हेन्री मूरच्या शिल्पापाशी फोटो काढत होते, मी आत गेले. या ग्रंथालयाच्या विशेष संग्रहात सोल टॅक्सची खासगी कागदपत्रं आहेत आणि 'करंट अँथ्रोपॉलॉजी'च्या कार्यालयाचं दप्तरही आहे.

पिशवी बाहेर कपाटात. पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. एका वेळी एक खोका, खोक्यातली एकच फाइल टेबलावर. कुणीतरी या कागदांना इतक्या जपणुकीने वागवतंय, हे बघूनच माझा घसा दाटून आला. पहिल्या फायलीत वरच पतंगाच्या कागदासारखी पातळ कार्बन-प्रत होती. ओळी किंचित वर चढलेल्या, 'ओ' आणि 'ई'ची पोटं शाईने भरलेली, कोपऱ्यात टाचणी काढून टाकल्यावर उरलेला गंजाचा ठिपका. मजकूर मी लगेच वाचला नाही. आधी कागद नुसता बघितला. शिकागोतल्या कुठल्याशा टंकलेखिकेनेही पानं अशीच टेबलावर आपटून कडा जुळवल्या असणार. कोपऱ्यात स्थळप्रत असं लिहिलेलं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

तिथल्या लोकांकडून मी एक गोष्ट समजून घेतली. आपल्याकडे दप्तर ठेवा म्हटलं की पहिला आक्षेप येतो गोपनीयतेचा. परीक्षकांची नावं असतात, कुणी कुणाबद्दल कडक लिहिलेलं असतं, उद्या भांडणं लागतील, त्यापेक्षा नष्ट केलेलं बरं. आक्षेप खोटा नाही. मी स्वतः असे शेरे टाइप केले आहेत, जे लिहिणाऱ्याच्या हयातीत बाहेर येऊ नयेत. पण अभिलेखागारांनी यावर उपाय काढलेला आहे, आणि तो साधा आहे : अशा फायली ठरावीक वर्षं बंद ठेवायच्या. माणसं जाईपर्यंत कुलूप, मग किल्ली. कुलपाने काम भागतं तिथे रद्दीवाल्याला कशाला बोलवायचं? दोन्हींतला फरक आपल्या संस्थांना का कळत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

आणि आता तर रद्दीवाल्याचीही गरज उरलेली नाही. संपादक बदलतो, त्याचं ईमेल खातं बंद होतं, आणि पाच वर्षांचा पत्रव्यवहार एका दिवसात जातो. माळा नाही, टेम्पो नाही, वास नाही. गेलं हे कळतसुद्धा नाही.

जे कुणी आज नियतकालिक चालवत असतील, मग ते मानववंशशास्त्राचं असो, इतिहासाचं असो की तालुक्याच्या गावाहून निघणारं त्रैमासिक असो, त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. कार्यालय हलवण्यापूर्वी जवळच्या विद्यापीठाला किंवा जुन्या ग्रंथालयाला एक पत्र लिहा. परत पाठवलेल्या लेखांची यादी ठेवा. ईमेल वर्षातून एकदा छापून नाहीतर साठवून कुणाच्या तरी हवाली करा. पन्नास वर्षं उघडू नका म्हणून वर चिठ्ठी लावा हवी तर.

आणि एक विनंती धडगाव, अक्कलकुवा, तळोदा भागातल्या वाचकांना. हे गुरुजी नीटनेटके होते, तीन वेळा लेख लिहून काढणारे होते. अशा माणसाने आपल्यापाशी एक प्रत नक्की ठेवली असणार. कुणाच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत आखीव फुलस्केपवर हाताने लिहिलेली पावरी लग्नगीतं असतील, खाली मराठी अर्थ असेल, तर ते कागद टाकू नका. त्यांच्यासोबत पुण्याहून आलेलं, १९८३ किंवा ८४ सालचं एखादं टाइप केलेलं पत्रही असेल. ते मला वाचायचं आहे.