जाफर गेटहून आणलेली युक्ती

अम्मींच्या निकाहाचा दुपट्टा गेल्या उन्हाळ्यात संदुकीतून बाहेर निघाला. कापड इतकं विरलेलं की घडी उलगडतानाच फाटत होतं. जरीची किनार मात्र शाबूत होती. नेमका त्याच दिवशी गल्लीत जुनी जर विकत घेणारा आला. जुन्या खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असते, वर सोन्याचा मुलामा. ती जाळली की चांदी हाती लागते. अम्मी म्हणाल्या, "दे डालो, अब कौन पहनता?"

आम्ही दोघी जावांनी किनार उसवून बाजूला ठेवली. घरातल्या लेकीचा निकाह दोन महिन्यांवर आला होता. तिच्या नव्या दुपट्ट्याला हीच किनार लावायची आणि तिच्या कडेनं जरीच्या दोऱ्याची दुहेरी ओळ घालायची, असं ठरवलं. पूर्वी हे काम अम्मींनी हातानं केलं असतं. आता त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही, म्हणून घरच्या मशीनवर भिस्त.

गुलमंडीतून जरीचं रीळ आणलं. पहिल्या हातभर शिलाईत दोरा अकरा वेळा तुटला. सुई बदलली, ताण कमी केला, तरी दोऱ्याची सोनेरी साल निघून आतला पांढरा धागा दिसू लागला. उसवलं तर नव्या कापडावर सुईची भोकं राहिली. अजून दोन-तीनदा उसवलं असतं तर दुपट्टाही गेला असता आणि किनारही. अम्मी काही बोलल्या नाहीत, हेच जास्त लागलं.

रविवारी आम्ही सिटी चौकातून शहागंजला आणि तिथून मोंढ्याच्या बाजूला, जाफर गेटकडे गेलो. छत्रपती संभाजीनगर म्हणा की औरंगाबाद, हिमरूचं नाव निघालं की जुनी माणसं याच बाजूला बोट दाखवतात. १३२७ साली मुहम्मद तुघलकानं राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हा त्याच्याबरोबर कारागीर आले आणि ही विणकाम-विद्या इकडे रुजली, असं सांगतात. सोन्याचांदीच्या तारेचा किनखाब अमीर-उमरावांसाठी. हिमरू त्याची सुती-रेशमी, परवडणारी बहीण. इथं मशरूही विणला जाई. पुरुषाला निव्वळ रेशीम जायज नाही, म्हणून अंगाला लागणारी बाजू सुती आणि वर रेशमाची चमक. मशरू म्हणजेच शरीअतनं परवानगी दिलेला.

मागावर बसलेल्या बुजुर्गांना आम्ही आमचं रडगाणं सांगितलं. त्यांनी मागाकडे बोट केलं. उभा ताणा सुताचा, ताठ ओढलेला. आडवा बाणा रेशमाचा, धोट्यातून हळूच सरकणारा. हिमरूची उलटी बाजू दाखवली, तर नक्षीचे धागे तिथं सैल लोंबत होते. म्हणाले, "ओढ सोसायची ती सुतानं. नाजूक दोऱ्याला फक्त जागा द्यायची. तुम्ही तर त्यालाच ताणायला बसवलात."

परतताना ते बोलणं मशीनवर जुळवून पाहिलं. वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमधून जातो आणि टाका बसेपर्यंत सुईच्या नाकातून पुन्हा पुन्हा खाली-वर घासला जातो. हल्लीच्या साध्या जरीत चांदीच्या तारेऐवजी प्लॅस्टिकचा चकचकीत पापुद्रा असतो, तो धाग्यावर नुसता गुंडाळलेला. घासला की सोलला जातो. बॉबिनमधला दोरा मात्र सुईच्या नाकातून जातच नाही.

म्हणून जर बॉबिनमध्ये भरली, हातानं, सावकाश. रीळ काडीवर घालून फिरतं ठेवलं. टोकाकडून ओढलं तर दोऱ्याला पीळ पडतो. बॉबिन केसचा स्क्रू पाव फेरा सैल केला आणि वर जरीच्या रंगाचा साधा दोरा लावला. दुपट्टा उलटा धरून मागच्या बाजूला खडूची रेघ आखली, टाका मोठा ठेवला आणि मशीन हळू चालवलं. आधी चिंधीवर, मग दुपट्ट्यावर. बहिणींनो, चिंधीची पायरी टाळू नका. स्क्रू किती सैल करायचा ते तिथंच कळतं. आणि जर वरूनच घालायची असेल, तर निदान मोठ्या नाकाची सुई घ्या आणि वरचा ताण अगदी कमी ठेवा.

दोन संध्याकाळींत ओळ पुरी झाली. दोरा एकदाच तुटला, तोही बॉबिन संपत आल्यावर. आधीच्या भोकांच्या खुणा चार बोटं राहिल्या. ती बाजू खांद्यामागे जाईल अशी घेतली. अम्मींनी दुपट्टा मांडीवर घेतला आणि डोळे मिटून किनारीवरून बोट फिरवलं. खुणांपाशी बोट थांबलं. "यहाँ रोए ना तुम दोनों?" म्हणून हसल्या.

रुख्सतीच्या दिवशी लेकीच्या डोक्यावर तीच किनार होती. वीतभर तुकडा उरला, तो धाकटीसाठी जपून ठेवला आहे. परवा जर घेणारा पुन्हा आला. अम्मींनीच खिडकीतून सांगितलं, "नक्को बाबा, हमारे पास बेचने को कुछ नईं."