भट्टीवाचून दिवाळी

अंधेरीहून चर्चगेटकडे निघालेली गाडी पार्ल्याला आली, की पूर्वी डब्यात बिस्किटांचा खरपूस वास शिरत असे. तेथला कारखाना १९२९ साली निघाला, १९३९ पासून तेथे बिस्किटे होऊ लागली आणि २०१६ मध्ये तो बंद पडला. उपनगरातल्या गृहिणीला भट्टी ठाऊक होती ती अशी, दुरून! तिच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात भट्टी कुठून असणार? मुलांनी नानकटाईचा हट्ट धरला, तर तूप, साखर, मैदा मळून ताटे बेकरीवाल्याकडे न्यायची आणि तिष्ठत उभे राहायचे. बाकी सारी दिवाळी एका कढईवर पार पडे.

पण त्या एका कढईत केवढी विविधता! घाटकोपर-मुलुंडकडच्या गुजराती शेजारणीचा मगस आणि आपला बेसनाचा लाडू ही सख्खी भावंडेच. तिकडे पीठ जाडसर, इकडे बारीक. तुपात मंद आचेवर खमंग भाजण्याचे व्रत मात्र दोघींचे एकच. साखर घालावी ती भाजलेले पीठ निवल्यावर. गरम पिठात ती विरघळते आणि लाडू बसका होतो.

अंधेरीजवळ मरोळला किंवा आंबोलीच्या गावठाणात जा. तेथले ईस्ट इंडियन हे या भूमीचे जुने रहिवासी. धर्माने ख्रिस्ती, घरची बोली मराठी. नाव इंग्रजी, तेही १८८७ साली घेतलेले. त्यांच्या नाताळच्या फराळात ‘मिल्क क्रीम’ असते. दूध, साखर आणि काजूची पूड आटवून गोळा करायचा आणि साच्यात दाबून त्याची पाने, फुले, मासे काढायचे. यालाही भट्टी लागत नाही. आपल्या बर्फीची ही बहीणच नव्हे काय?

सकाळची लोकल गाठणाऱ्या भगिनींना चकलीचा घाट जमला नाही, तरी नारळाची वडी खचित जमेल. दोन वाट्या ओले खोबरे, दीड वाटी साखर आणि अर्धी वाटी दूध मंद आचेवर ढवळत राहावे. मिश्रण कढई सोडू लागले आणि कडेला साखर पांढरी दिसू लागली, की वेलदोड्याची पूड घालून तूप लावलेल्या ताटात थापावे. वड्या कोमट असतानाच कापाव्यात. गार झाल्यावर त्या तुटतात.

विकतचा फराळ आता कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतो आणि तो घेण्यात कमीपणा मुळीच नाही. परंतु एक तरी पदार्थ घरी व्हावा. खोबरे आजीने खवावे, ढवळण्याची पाळी यजमानांनी घ्यावी, वेलदोडे मुलांनी सोलावेत. लोकलच्या वेळापत्रकावर चालणाऱ्या घरात सगळी माणसे एका कढईभोवती तासभर जमतात, हा लाभ काही थोडा नव्हे. आणि पहिले ताट शेजारी धाडायला विसरू नका. नाताळात ते रिकामे परत येणार नाही!