सिस्टरांचं देणं

काही देणी कुठल्याच वहीत मांडलेली नसतात. माझ्यावरचं असं देणं आहे एका सिस्टरांचं. नगरकडच्या, ख्रिस्ती, सरकारी दवाखान्यात नोकरीला. आमच्या शेजारी भाड्यानं राहायच्या. माझ्या धाकट्या भावाची नाळ त्यांनीच कापली आणि त्या भावाची माझ्या मनात बसलेली भीतीही त्यांनीच काढली.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आज खिचडीसाठी ओळखला जाणारा आमचा वारंगा फाटा तेव्हा परभणी जिल्ह्यात होता. हिंगोली जिल्हा 1 मे 1999ला झाला. नांदेडचा, हिंगोलीचा आणि हदगावकडून नागपूरला जाणारा रस्ता इथं मिळतो. गणपतीत वर्गणी काढून व्हिडिओ आणला जायचा. त्यात एकदा ‘द ओमेन’ लागला. रिचर्ड डॉनरचा 1976चा चित्रपट. ग्रेगरी पेक अमेरिकेचा राजदूत, आणि त्याच्या घरात वाढणारं पोर सैतानाचं, जगबुडीची खूण घेऊन आलेलं. इंग्रजी आम्हाला कळत नव्हतं. पण झोपलेल्या पोराचे केस कात्रीनं कापून बाप 666 हा आकडा शोधतो, ते कळायला भाषा लागत नव्हती. जेरी गोल्डस्मिथच्या ज्या संगीताला ऑस्कर मिळालं, ते पुढं कितीतरी रात्री माझ्या कानात घुमत राहिलं.

घरात भाऊ नुकताच जन्मलेला. मी त्याला मांडीवर घेईना. आईचा डोळा लागला की कंदील जवळ नेऊन त्याचं जावळ बाजूला सारायचो. रस्त्यानं जाणाऱ्या ट्रकच्या नंबरातही तोच आकडा शोधायचो.

सिस्टरांनी हे ओळखलं. मला ओट्यावर बसवून त्यांनी मराठी बायबल आणलं आणि शेवटचं पुस्तक काढलं, ‘प्रकटीकरण’. “आकडा आहे बघ, तेराव्या अध्यायात. आता सैतानाचं पोर शोधून दाखव.”

मी ओळीवर बोट ठेवून शोधलं. श्वापद होतं, समुद्रातून वर येणारं. सैतानाचं पोर कुठंच नव्हतं. बाराव्या अध्यायात मात्र एक लेकरू सापडलं. अजगर त्याला गिळायला टपलेला. त्याची आई रानात पळते, आणि अजगरानं तिच्यामागं सोडलेला पूर जमीन तोंड उघडून पिऊन टाकते. “या पुस्तकात लेकराला कुणी भीत नाही रे,” सिस्टर म्हणाल्या. “त्याच्या आईला वाचवायला जमीनसुद्धा धावते.”

मग त्यांनी सांगितलं की हे पुस्तक म्हणजे पात्म बेटावरून योहानानं आशियातल्या सात मंडळ्यांना धाडलेला धीर आहे. रोमच्या सत्तेखाली भरडलेल्या माणसांसाठी तो लिहिला गेला. पंडिता रमाबाईंचं नावही मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकलं: बायाबापड्यांना वाचता यावं म्हणून हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणणाऱ्या रमाबाई. 1922 साली त्या गेल्या. त्यांचं बायबल 1924मध्ये निघालं.

भावाचं जावळ काढलं, त्या दिवशी तो दिवसभर माझ्या कडेवर होता.

सिस्टरांची बदली झाली, पण वाचायची खोड लागली ती त्यांच्यामुळं. पुढं कळलं की हिब्रू अक्षरांना अंकांचं मोल असतं आणि 666 ही सम्राट नीरोच्या नावाची बेरीज, असं अनेक अभ्यासक मानतात. चित्रपटात ‘प्रकटीकरणा’तली म्हणून ऐकवलेली कविता त्या पुस्तकात नाहीच. ‘ख्रिस्तविरोधी’ हा शब्दही तिथं एकदाही येत नाही. तो योहानाच्या पत्रांत आहे.

21 मार्च 2024च्या सकाळी आमचा जिल्हा भूकंपानं हादरला. एक धक्का 4.5चा, पाठोपाठ 3.6चा. जगबुडी आली, असं कुणीतरी बोललं आणि गल्लीतली पोरं रडायला लागली. मी त्यांच्यापुढं नकाशा आणि भूगोलाचं पुस्तक ठेवलं, जमीन का हलते ते त्यांनाच शोधायला लावलं. सिस्टरांना परत काही देता आलं नाही. त्यांचं देणं मी असंच फेडत आलोय: घाबरलेलं पोर समोर आलं की त्याच्याजवळ बसायचं, पुस्तक उघडायचं आणि ओळीवर बोट त्याचं त्यालाच ठेवू द्यायचं.