तलवार घडवली कुणी?

तलवारीचा विषय निघाला की आमच्या वस्तीतली पोरे दोन प्रश्न हमखास विचारतात. ती मणभर जड असते का? आणि उपसताना खणकन आवाज होतो का? आम्ही सांगतो, बहुतेक तलवारी किलो-दीड किलोच्याच असत. मणभर असती तर लढणार कोण? म्यान बहुधा लाकडाचे, वरून चामडे मढवलेले. खणखणाट होतो तो सिनेमातच.

तिसरा प्रश्न मात्र कोणी विचारत नाही : ती घडवली कुणी? २०२५ साली महाराष्ट्र शासनाने लंडनच्या लिलावातून रघुजी भोसले यांची तलवार सुमारे ४७ लाख रुपयांना मिळवून परत आणली. पाते युरोपी, म्हणून ती ‘फिरंग’. पात्यावर सरदाराचे नाव सोन्यात कोरलेले आहे. पण भट्टीपुढे घाम गाळणारा, मूठ बसवणारा, म्यानाचे कातडे कमावणारा? अशांची नावे सहसा सापडत नाहीत.

वाचकहो, मुलांना वस्तुसंग्रहालयात न्याल तेव्हा हा तिसरा प्रश्न विचारायला शिकवा. ज्यांनी गिरणीत कापड विणले, इमारतींच्या विटा वाहिल्या, त्या आपल्या आईबापांची नावे तरी कुठे कोरली आहेत? ती आपणच लिहून ठेवली पाहिजेत.